निजामानं सैन्याचं काम परदेशी कंपनीला दिलं आणि बिलापोटी अख्खं वऱ्हाड गेलं

आज अमरावती-अकोल्याची हजारो पोरं पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात बसून परदेशी कंपन्यांचं काम करतात. कुणी अमेरिकेतल्या बँकेचा कस्टमर केअर सांभाळतं, कुणी लंडनच्या विमा कंपनीचे क्लेम तपासतं, कुणी जर्मनीतल्या फर्मचे हिशोब लिहितं. याला म्हणतात ऑफशोअरिंग. म्हणजे आपल्या धंद्यातलं एखादं काम दुसऱ्या देशातल्या लोकांकडून करून घ्यायचं. काम स्वस्तात होतं, डोक्याचा ताप कमी होतो.

हे गणित कागदावर बरोबर असतं. अडचण नंतर सुरू होते. बिल दरवर्षी वाढतं. हिशोब मागितला तर मिळत नाही. काम घेणाऱ्याची माणसं आपलं ऐकत नाहीत. आणि काम काढून घ्यायचं म्हटलं, तर काढून घेताच येत नाही.

विशेष म्हणजे या सगळ्या भानगडींचं एक जबरदस्त उदाहरण खुद्द वऱ्हाडात घडलंय, तेही दीडदोनशे वर्षांपूर्वी. फक्त तेव्हा बाजू उलटी होती. काम देणारा इथला होता आणि काम घेणारी कंपनी लंडनची होती. काम होतं सैन्याचं, आणि त्या कामाच्या बिलापोटी आजच्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम या सगळ्या भागाचा कारभार हातातून गेला.

काम देणाऱ्याचं नाव हैदराबादचा निजाम. काम घेणारी कंपनी, ईस्ट इंडिया कंपनी.

निजामाला बाहेरच्या सैन्याची गरज का पडली?

१७९५ साली खर्ड्याची लढाई झाली. खर्डा म्हणजे आत्ताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातलं गाव. या लढाईत मराठ्यांनी निजाम अली खानाचा पार धुव्वा उडवला. निजामाची कंपनीशी दोस्ती होती, पण ऐनवेळी कंपनीनं आपण मध्ये पडणार नाही असं सांगून हात झटकले.

निजामानं मग रेमंड नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यावर जोर दिला. रेमंडनं त्याच्यासाठी युरोपियन पद्धतीची मोठी पायदळ फौज उभी केली. पण १७९८ च्या मार्चमध्ये रेमंड वारला. त्याच काळात लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून भारतात आला आणि फ्रेंचांना इथून हुसकवायचंच असं त्यानं ठरवलं.

१ सप्टेंबर १७९८ ला निजाम आणि कंपनी यांच्यात करार झाला. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला 'तैनाती फौज' म्हणून वाचतो, तोच हा प्रकार. कंपनी निजामाच्या संरक्षणासाठी ६ बटालियन पुरवणार, आणि त्यासाठी निजाम दरवर्षी २४,१७,१०० रुपये देणार. अट एकच, फ्रेंचांची फौज मोडायची. काही आठवड्यांतच ती मोडलीसुद्धा.

आता त्या वेळच्या निजामाच्या जागी बसून बघा. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला टिपू. स्वतःची फौज खर्ड्यात उघडी पडलेली. अशा वेळी एक परदेशी कंपनी येते आणि म्हणते, आमची कवायती पलटण घ्या, वर्षाला इतके पैसे द्या. सौदा वाईट वाटत नव्हता. पण या करारामुळं एक गोष्ट झाली. आधी निजामाकडे दोन पर्याय होते, इंग्रज आणि फ्रेंच. आता एकच उरला.

आजच्या भाषेत याला 'व्हेंडर लॉक-इन' म्हणतात. काम करणारा एकच आणि तो सोडला तर दुसरा नाही, अशी अवस्था.

पैशाऐवजी जमीन

दोनच वर्षांत, १८०० साली, नवा करार झाला. फौज वाढवली गेली आणि तिचा खर्च रोख देण्याऐवजी कायमचा मुलूख तोडून द्यायचं ठरलं. म्हैसूरच्या युद्धांतून निजामाच्या वाट्याला आलेले बळ्ळारी, कडप्पा, अनंतपूर वगैरे भाग त्यानं कंपनीला देऊन टाकले. आंध्रात या भागाला 'दत्त मंडल' म्हटलं जायचं.

म्हणजे तैनाती फौजेचं बिल इथं कायमचं चुकतं झालं. निजामाच्या डोक्यावर आता काही देणं राहायला नको होतं. पण याच करारात एक कलम होतं. युद्ध झालंच, तर निजामानं स्वतःचे ६,००० पायदळ आणि ९,००० घोडेस्वार कंपनीच्या मदतीला द्यायचे.

पुढचं सगळं महाभारत या कलमावरून झालं.

अडगाव आणि गाविलगड

१८०३ साली दुसरं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. त्यातल्या दोन मोठ्या लढाया वऱ्हाडातच झाल्या. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला, आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर. दोन्ही ठिकाणी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी नागपूरकर भोसल्यांच्या बाजूचा पराभव केला. गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला.

त्याआधी वऱ्हाडात दुहेरी अंमल होता. महसूल निजामही घ्यायचा आणि नागपूरकर भोसलेही. या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा वाटा गेला आणि तो निजामाच्या पदरात पडला. वरवर पाहता निजामाची चांदी झाली. कंपनीला दिलेल्या कामाचा हा नफाच म्हणायचा.

पण या युद्धात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी एक तक्रार लावून धरली. निजामाची स्वतःची फौज कुचकामी आहे, करारात लिहिलेलं सैन्य धड मिळत नाही, त्यामुळं ते सुधारलं पाहिजे. आणि सुधारणार कोण? तर कंपनीचेच अधिकारी.

न मागितलेलं काम आणि त्याचं बिल

१८११ साली हेन्री रसेल हैदराबादेत कंपनीचा रेसिडेंट म्हणून आला. निजाम सिकंदर जाह कारभारात फारसं लक्ष घालत नव्हता. सगळी सूत्रं चंदूलाल या दिवाणी कारभार बघणाऱ्या मुत्सद्द्याच्या हातात होती, आणि चंदूलालची खुर्ची इंग्रजांच्या मर्जीवर टिकून होती.

रसेलनं १८१३ च्या सुमारास निजामाच्या खर्चानं एक कवायती ब्रिगेड उभी केली. तिला 'रसेल ब्रिगेड' असंच नाव पडलं. अचलपूरच्या नवाबाच्या पलटणीही पुढं याच व्यवस्थेत आल्या. या सगळ्या फौजेला नंतर 'हैदराबाद कंटिंजंट' म्हटलं जाऊ लागलं. वऱ्हाडात तिची छावणी होती परतवाड्याला.

या फौजेचा मामला असा होता. नाव निजामाचं, पगार निजामाच्या खजिन्यातून, पण अधिकारी इंग्रज. त्यांची नेमणूक रेसिडेंटच्या हातात. निजाम त्यांना हुकूम देऊ शकत नव्हता, कमीही करू शकत नव्हता. अधिकाऱ्यांचे पगार आणि भत्ते मात्र दणदणीत होते. वर्षाचा खर्च ४० लाखांच्या आसपास गेला.

आणि करारात काय होतं? युद्ध झालं तर सैन्य द्यायचं. शांततेच्या काळात इतकी मोठी फौज बारा महिने पोसायची असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. पुढं खुद्द लॉर्ड डलहौसीनंही हे मान्य केलं होतं. पण तोवर फौज उभी होती, दर महिन्याला पगार द्यायचा होता आणि नाही म्हणण्याची ताकद निजामाच्या दरबारात कुणाकडेच नव्हती.

कंपन्यांच्या व्यवहारात आजही हेच होतं. करार एका कामाचा असतो. मग हळूहळू 'हे पण आम्हीच बघतो' करत काम वाढत जातं आणि बिल त्याच्या दुप्पट वेगानं वाढतं.

बिल भरायला कर्ज, तेही त्यांच्याच माणसाकडून

खजिन्यात पैसा नाही आणि फौजेचा पगार थांबवता येत नाही. मग पैसे आणायचे कुठून? इथं एंट्री होते 'विल्यम पामर अँड कंपनी' या पेढीची.

विल्यम पामर हा कंपनीच्या एका इंग्रज जनरलचा मुलगा, आई हिंदुस्थानी. त्यानं हैदराबादेत पेढी काढली. इंग्रजांनी संस्थानिकांना परवानगीशिवाय कर्ज देऊ नये असा ब्रिटिश संसदेचा कायदा होता. पण १८१६ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जनं पामरच्या पेढीला यातून सूट दिली. या पेढीतला एक भागीदार होता सर विल्यम रम्बोल्ड. त्याची बायको हेस्टिंग्जच्या घरात मुलीसारखी वाढलेली होती.

पेढीचा व्याजदर होता २४ टक्क्यांच्या घरात.

म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी फौज उभी करायची, तिचं बिल निजामाला लावायचं, आणि ते बिल भरायला कंपनीच्याच वर्तुळातल्या पेढीनं चढ्या व्याजानं कर्ज द्यायचं. १८२० साली चार्ल्स मेटकाफ नवा रेसिडेंट म्हणून आला, तेव्हा त्यानं हा प्रकार उघडा पाडला. लंडनपर्यंत बोंबाबोंब झाली.

निजामाची सुटका झाली, पण कशी? उत्तर सरकार या किनारपट्टीच्या भागाबद्दल कंपनी निजामाला दरवर्षी ७ लाख रुपये द्यायची. १८२३ साली निजामानं हा हक्क कायमचा सोडला, त्याबदल्यात कंपनीनं सुमारे १ कोटी १६ लाख रुपये दिले आणि त्यातून पामरचं देणं फिटलं. एक देणं मिटवायला कायमचं उत्पन्न गेलं. कंटिंजंट मात्र होती तिथंच राहिली, आणि तिचा खर्चही.

२१ मे १८५३

पुढची तीस वर्षं पगार थकायचा, कंपनी स्वतःच्या तिजोरीतून द्यायची आणि ते निजामाच्या नावे कर्ज म्हणून लिहायची. त्यावर व्याज चढायचं. डलहौसी आला तोवर हा आकडा अर्ध्या कोटीच्या घरात गेला होता.

डलहौसीनं तगादा लावला. पैसे द्या, नाहीतर मुलूख द्या. तेव्हा गादीवर होता नासिर-उद-दौला. कर्नल लो हा रेसिडेंट वाटाघाटी करत होता. विनाकारण आपला मुलूख देणं आणि इमानदार सैनिकांना घरी पाठवणं या दोन्ही गोष्टी राजाला लाज आणणाऱ्या आहेत, अशा अर्थाचं निजाम त्याच्याशी बोलला होता. पण त्याच्यापुढं पर्याय हे दोनच होते.

२१ मे १८५३ ला करार झाला. वऱ्हाड, सोबत धाराशिव आणि रायचूर दोआब हे भाग कंपनीच्या हवाली झाले. कंटिंजंटचा खर्च आणि कर्जाचं व्याज या महसुलातून भागवायचं. फौज किती ठेवायची? किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने.

कागदावर वऱ्हाड निजामाचंच राहिलं. त्याचं सरकारी नाव पडलं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', म्हणजे हैदराबादनं लावून दिलेले जिल्हे. पण प्रत्यक्षात सारा वसूल करणारा, कोर्ट चालवणारा, पोलीस नेमणारा आता इंग्रज होता.

तरी या करारात निजामाच्या बाजूचं एक महत्त्वाचं कलम होतं. दरवर्षी जमाखर्चाचा खरा हिशोब द्यायचा आणि खर्च भागून जे उरेल ते निजामाला परत करायचं.

हिशोब मागायचा नाही

१८५७ साली हैदराबाद इंग्रजांच्या बाजूनं उभं राहिलं. दिवाण सालारजंग यानं संस्थान शांत ठेवलं. बक्षीस म्हणून १८६० साली नवा करार झाला. धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले, ५० लाखांचं कर्ज माफ झालं, सुरपूरचं संस्थान निजामाला मिळालं.

पण वऱ्हाड परत मिळालं नाही. वर, वऱ्हाडाच्या जमाखर्चाचा हिशोब मागण्याचा हक्क निजामानं सोडून दिला. मागचाही, पुढचाही. जे उरेल ते इंग्रज देतील, किती उरलं ते तेच सांगतील.

टायमिंग बघा. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. त्यांची नजर वळली वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून पुढं सरकली आणि १८६७ साली नागपूरला पोचली. कापसाचे भाव चढले, बाजारपेठा फुलल्या. प्रांताचे पूर्व आणि पश्चिम वऱ्हाड असे दोन भाग करून अमरावती आणि अकोला ही त्यांची मुख्य ठाणी झाली.

म्हणजे जेव्हा वऱ्हाडात सगळ्यात जास्त पैसा येणार होता, नेमक्या त्याच वेळी हिशोब मागायचा हक्क गेला होता. शिल्लक कमी का, असं विचारलं की उत्तर यायचं, कारभाराचा खर्च वाढला. हा खर्च ठरवणारेही इंग्रजच आणि तपासणारेही तेच.

सालारजंगनं काय केलं?

सालारजंग गप्प बसणारा नव्हता. त्यानं आयुष्यभर वऱ्हाड परत मागितलं. त्याचा मुद्दा साधा होता. वऱ्हाड कशासाठी घेतलं? कंटिंजंटच्या खर्चाची हमी म्हणून. मग ती हमी आम्ही रोख रकमेच्या रूपात ठेवतो, तुम्ही वऱ्हाड सोडा. १८७० च्या दशकात त्यानं हा प्रस्ताव दिला. १८७६ साली तो स्वतः इंग्लंडला गेला. तिथं त्याचा भरपूर मानपान झाला, पण वऱ्हाड मिळालं नाही. १८८३ साली तो वारला.

करारातून बाहेर पडायला पैसे असून उपयोग नसतो, बाहेर पडण्याची वाट करारातच लिहिलेली असावी लागते. ती तिथं नव्हती.

शेवटचा घाव कर्झनचा

१८९९-१९०० च्या दुष्काळानं वऱ्हाड होरपळलं. दुष्काळी कामांसाठी कर्ज काढावं लागलं. आता हे कर्ज फिटेपर्यंत शिल्लक काहीच उरणार नाही, असं निजाम महबूब अली खानाला सांगण्यात आलं. १९०२ च्या सुरुवातीला लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादला आला.

५ नोव्हेंबर १९०२ ला करार झाला. वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांना, वर्षाला २५ लाख रुपयांवर. वऱ्हाडचा एकट्या शेतसाऱ्याचा आकडाच याच्या कितीतरी वर होता. निजामाला इंग्रजांनी 'जी.सी.बी.' हा किताब दिला. लोकांनी त्याचा अर्थ काढला, 'गेव्ह कर्झन बेरार', म्हणजे कर्झनला वऱ्हाड देऊन टाकलं.

आणि खरी गंमत पुढं आहे. १९०३ साली हैदराबाद कंटिंजंट ही वेगळी फौजच राहिली नाही. ती ब्रिटिश भारतीय सैन्यात मिसळून टाकली. परतवाड्याच्या छावणीतून पलटण हलली. ज्या कामाचं बिल म्हणून वऱ्हाड घेतलं होतं, ते कामच बंद झालं. वऱ्हाड मात्र परत आलं नाही, ते मध्य प्रांताला जोडलं गेलं.

या फौजेच्या पायदळ पलटणींपासून पुढं १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचंच नाव कुमाऊँ रेजिमेंट पडलं.

शेवटच्या निजामानं, उस्मान अली खानानं, १९२३ साली पुन्हा वऱ्हाड मागितलं. १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं उत्तर पाठवलं. त्याचा आशय असा की ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि तुम्ही तिच्याशी बरोबरीच्या नात्यानं वाद घालू शकत नाही. ग्राहक म्हणून सुरू झालेलं नातं सव्वाशे वर्षांत इथवर आलं होतं. निजामाकडे उरलं ते नाव. १९३६ नंतर तो 'हैदराबाद आणि बेरारचा निजाम' आणि त्याचा मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवला जायचा.

आणि वऱ्हाडातला माणूस?

या सगळ्या करारांत एका पक्षाला कुणीच विचारलं नाही. सारा भरणाऱ्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला. त्याच्या पैशानं निजामाच्या नावाची, इंग्रजांच्या हुकमाची फौज पन्नास वर्षं पोसली गेली. निजामाच्या राज्यात परत जायची इच्छाही इथल्या पुढाऱ्यांना नव्हती. यवतमाळचे बापूजी अणे त्यात आघाडीवर होते. दोन धन्यांच्या भांडणात प्रांत कुणाचा यावर कागदी वाद चालला, आणि प्रांतातली माणसं बाजूलाच राहिली.

आज याचा संबंध काय?

ऑफशोअरिंगमध्ये आज तोफखाने नसतात, पण फसण्याच्या जागा जवळपास त्याच आहेत. आता भारतीय कंपन्या काम घेणाऱ्या बाजूला आहेत, त्यामुळं उदाहरणही आपल्याच घरचं आहे.

२००५ साली पुण्यात एक प्रकरण उघडकीला आलं. सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांचं कॉल सेंटरचं काम एमफॅसिस कंपनीच्या पुण्यातल्या बीपीओकडे होतं. तिथल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांकडून गोड बोलून पिन नंबर काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलर्सच्या आसपास रक्कम पुण्यातल्या खात्यांत वळवली. पुणे पोलिसांनी त्यांना पकडलं. अमेरिकेतल्या ग्राहकानं विश्वास टाकला होता आपल्या बँकेवर. पुण्यात कोण बसलंय हे त्याला माहितीही नव्हतं.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठी नियम केले. २००६ साली आऊटसोर्सिंगची मार्गदर्शक तत्त्वं आली, २०२३ साली आयटी कामांच्या आऊटसोर्सिंगसाठी वेगळे निर्देश आले. त्यांचा गाभा असा आहे की काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच, बाहेरच्या कंपनीचे हिशोब आणि व्यवस्था तपासण्याचा हक्क करारात हवा, आणि काम परत घ्यायची योजना आधीच तयार हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही माहितीवर दुसऱ्याकडून काम करून घेतलं, तरी ग्राहकाला उत्तर मूळ कंपनीनंच द्यायचं आहे.

अकोल्यातली एखादी जिनिंग फॅक्टरी आपलं बिलिंग सॉफ्टवेअर परदेशी क्लाऊडवर टाकते, अमरावतीतलं हॉस्पिटल पेशंटचे रिपोर्ट बाहेरच्या कंपनीकडून वाचून घेतं, तेव्हा सही करण्याआधी चार गोष्टी बघायला हव्यात.

काम नेमकं किती, आणि वाढलं तर दर कोण ठरवणार? आपल्या पैशावर काम करणारी माणसं हुकूम कुणाचा मानणार? हिशोब आणि डेटा हवा तेव्हा बघता येणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पटलं नाही तर किती दिवसांत, काय भरून बाहेर पडता येणार, आणि आपली वस्तू आपल्याला परत कशी मिळणार?

निजामाच्या करारांत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्या विरोधात होती. तिसऱ्याचं उत्तर १८५३ साली त्याच्या बाजूनं होतं, ते त्यानं १८६० साली सोडलं. चौथ्याचं उत्तर कुठल्याच करारात नव्हतं, आणि ते शोधण्यात सालारजंगचं आयुष्य गेलं.